गोजरबाईची चूल

आता सांगते तर नीट ऐका, मधी तोंड घालू नका. ह्या गोष्टीला गावात ज्यानं त्यानं आपलं शेपूट लावलंय. कुनी म्हनतं, किरिस्तावाच्या दयाबाईनं म्हातारीला बाटवली. कुनी म्हनतं, म्हातारीनं दयाबाईची चांगली जिरवली. म्हननारं एक बी तिथं नीट बघायला नव्हतं. मी हुते. मीच ती दया, गिदोनची बायको.

औंदा पाऊस आलाच न्हाई. म्हंजे एकदा आला, पेरलेल्या बियाची माती केली आन पुन्हा तोंड दाखवलं न्हाई. ज्वारी वीतभर झाली आन उभी करपली. विहिरीच्या तळाला पोरं क्रिकेट खेळायची. दिवाळी झाली की आमच्या तिसगावकडची मानसं दरसाल कोयता घिऊन ऊसतोडीला जात्यात. औंदा ज्यांनी कधी कोयता हातात धरला नव्हता, ती जमीनवाली बी गेली. मागं राहिली म्हातारी मानसं, दाराला कुलपं आन कुत्री.

नगरहून एक संस्था मदत घिऊन आली. त्यांची धनश्री मॅडम. पोरगी मनानं चांगली, पन बोलनं सगळं पुस्तकातलं. आधी त्यांनी देवळापुढं टेम्पो लावून पिठाच्या, डाळीच्या, तेलाच्या पिशव्या वाटल्या. सगळ्या गावानं घेतल्या, पिशवी छातीशी धरून फोटो बी काढून घेतले. बंद पिशवीला जात नसती. पन ज्यांच्या अंगात टँकरवर हंडा धरायचं बळ न्हाई, सरपन गोळा करायला पाय न्हाईत, त्यांनी त्या पिठाचं काय करायचं? गावठानातला आंधळा गहिनीनाथ कच्ची डाळ भिजवून चावत बसलेला मॅडमला दिसला आन पोरगी तिथंच रडाया लागली. दुसऱ्या दिवशी म्हनली, “शिजवूनच पोचवायचं. घरोघर.”

शिजवायचं कुठं म्हनल्यावर गावाच्या माना खाली गेल्या. कुनाच्या घरात जागा न्हाई, कुनाच्या घरात सोयर हाय, कुनाच्या सुनेचं डोकं दुखतंय. शेवटाला आमच्या चर्चच्या आवारातली पत्र्याची शेड मिळाली. मी आन वस्तीतल्या दोघी भाकरी थापायला, आमचा गिदोन पोचवायला.

पंचायतीचा मेंबर कानिफनाथ शेडच्या बाहेर उभा राहून मॅडमला म्हनला, “मॅडम, तुमी शहरातल्या. म्हातारी मानसं हाइत. खातील का न्हाई, सांगता येत न्हाई.”

“का नाही खाणार? भूक लागली की माणूस खातो,” मॅडम म्हनली.

“तसं न्हाई वो.” त्यानं माझ्याकडं बघितलं, मंग परातीकडं.

मी म्हनलं, “तसं न्हाई म्हंजे कसं, ते तोंडानं सांग की कानिफ. मॅडमला बी कळू दे.”

कानिफ हसला आन मोबाईल कानाला लावून बाजूला गेला. फोन कुनाचा आलाच नव्हता.

सगळ्यात लांबचं घर माळावरच्या गोजरबाईचं. कानिफची चुलती. नवरा मागंच गेला, पोरगा कल्यान आन सून रेश्मा ऊसतोडीला, म्हातारी एकली. आता ही गोजरबाई कोन, ते सांगते. माझी सासू ह्या बाईच्या रानात जन्मभर खुरपली. दुपारी गोजरबाई बांधावर यायची आन हातभर उंचावरनं सासूच्या पदरात भाकर टाकायची. पदराला पदर लागू द्यायची न्हाई. मी नवी नवरी हुते, एकदा मी हात पुढं केला. बाईनं भाकर मातीत टाकली आन सासूला म्हनली, “हिला शिकीव.” सासूनं ती भाकर झटकून खाल्ली. माझ्या मात्र ती आजपातूर घशात अडकलीय. तर गोजरबाईच्या वाटनीच्या भाकरी थापताना मला काय तिची माया आली नव्हती. मला एवढंच बघायचं हुतं, की ही बाई माझ्या हातची भाकर खाती.

डबे यायचे हुते, ते काय आले न्हाईत. मंग मी पांढऱ्या फडक्यात भाकरी बांधल्या, वर पिठल्याचा गोळा. इथंच माती खाल्ली आमी. माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं, कानिफच्या ध्यानात यायला पायजे हुतं, पन एवढ्या घाईत कुनाचं डोकं चाललं न्हाई.

आमच्याकडं मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत. भावकीतलं मानूस फडक्यात भाकरी बांधून नेतं, उंबऱ्यापाशी ठिवतं, आन काय बोलत न्हाई. कडू भाकर म्हनत्यात तिला.

कानिफ घर दाखवायला गिदोनबरोबर निघाला. आमचा गिदोन म्हंजे तोंडाला कुलूप. लगीन झालं त्या दिवशी पास्टरनं ‘हो’ म्हनायला लावलं, तेवढाच त्याचा मोठा आवाज मी ऐकलाय. कानिफला त्याच्याबरोबर चालायची लाज, म्हनून तो मान खाली घालून मागनं. दोघं एक शब्द न बोलता माळ चढले. गोजरबाई ओट्यावर बसली हुती. तिनं काय बघितलं? पोरगा परमुलखात कोयता चालवतोय, आन भर दुपारी भावकीतला मानूस मान पाडून येतोय, पुढच्याच्या हातात पांढरं फडकं, फडक्यात भाकरी. गिदोननं ते फडकं उंबऱ्यापाशी ठिवलं आन हात बांधून उभा राहिला.

“कल्यान रं माझ्या!” ही बोंब आमच्या शेडपातूर आली.

पिठाच्या हातानं पळत गेले मी. म्हातारी अंगनातली माती डोक्यावर घालत हुती. आसपासच्या बाया गोळा झाल्या, तिला धरून रडाया लागल्या. कानिफ वरडत हुता, “काकू, आवं तसं न्हाई, संस्थेचं जेवन हाय!” पन ऐकतंय कोन? मयताच्या घरात कुनी खरं एकदम सांगत न्हाई, हे तिला ठावं हुतं. कानिफनं कल्यानला फोन लावला तर फोन बंद. पुन्हा लावला, बंद. मंग कानिफचा बी चेहरा उतरला. बायांनी ते बघितलं आन आवाज आनखी चढवला. आन आमचा हा शहाना गिदोन तिथंच मान खाली घालून उभा. मी त्याला कोपरानं ढोसलं, “आवं बोला की काय तरी!” तर डोळ्यात पानी आनून उभा राहिला. झालं! त्याच्या डोळ्यातलं पानी बघून म्हातारी धरनीवर आडवी पडली.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. कल्यानच बोलत हुता. “आवं दादा, मी जित्ता हाय! मोळ्या भरत हुतो, चारजिंग नव्हतं. कुनी मारलं मला?” कानिफनं फोन म्हातारीच्या कानाला लावला. तिनं पोराचा आवाज ऐकला आन दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून धरला. 

आता गाव दुपारपासनं फुकट रडलं हुतं. तो राग कुठं तरी काढायला पायजे. कानिफ उठला, सरळ गिदोनकडं गेला आन त्याच्या कानफटात ठिवून दिली.

“जित्या मानसाची कडू भाकर आनतो व्हय रं?”

“तू संग हुतास की, कानिफ!” मी म्हनलं. “वाट कुनी दाखवली?”

“तू गप. तुमच्या लोकांना काय रीत न्हाई, भात न्हाई.”

एक बी मानूस मधी पडलं न्हाई. म्हातारीनं ते फडकं काठीनं उचललं आन अंगनाबाहेरच्या बाभळीला टांगलं. कावळ्यांनी दोन दिस त्यातलं खाल्लं. घरी येऊन मी गिदोनच्या कानाला हळद लावली आन लई बोलले त्याला. “एक शब्द बोलला असता, तर काय जीभ झिजली असती?”

“ती रडत हुती,” गिदोन म्हनला. “रडत्या मानसाला काय सांगायचं?”

काय बोलनार अशा मानसाला?

दुसऱ्या दिवशी निम्म्या भाकरी माघारी आल्या. मॅडमनं घाईनं लाल झाकनाचे प्लास्टिकचे डबे आनले, वर संस्थेचं चित्र चिकटवलेलं. “आता गैरसमज व्हायचा प्रश्नच नाही,” म्हनली. हळूहळू मानसं घ्यायला लागली. गहिनीनाथ तर म्हनला, “मला फडकं बी दिसत न्हाई आन जात बी. आना हिकडं.” पन गोजरबाईचा डबा गेला तसा माघारी. कानिफ शेडच्या कुंपनापाशी येऊन निरोप सांगून गेला. “काकू म्हनली, माझी चूल पेटती. पेटत्या चुलीच्या घरात बाहेरची भाकर आनायची नसती. पुन्हा आनलीस तर माझ्या पोराच्या जिवावर उठलीस असं धरीन.”

“मंग तुझ्या घरची दे की तिला,” मी म्हनलं.

“काकू कुनाचंच घेत न्हाई. आन कशाला घेईल? रोज सांजच्याला धूर दिसतोय.”

धूर दिसायचा, हे खरं. उन्हं उतरली की माळावर गोजरबाईच्या छपरातनं सरळ निळा धूर वर जायचा. सगळं गाव बघायचं, आमी बी बघायचो. म्हनलं, हाय बाईच्या घरात दानापानी. मोठं घर पोकळ झालं तरी दान्याच्या कनगीत कायतरी असतंच. बस मंग आपल्या धुरात. माझ्या डोक्यातनं मी तिला काढून टाकली. काढून टाकली म्हनते, पन रोज सांजच्याला भाकरी थापता थापता माझी नजर माळाकडं जायचीच.

टँकर दिसाआड यायचा. आला की पाइपाभवती बायांची अशी झुंबड उडायची की पाय ठिवायला जागा नसायची. त्या दिवशी गोजरबाई एक कळशी घिऊन आली. बाया तिला कडंनं ढकलत ढकलत पार मागं नेत हुत्या; मुद्दाम न्हाई, पन टँकरवर कोन कुनाची गय करतं? दोनदा ती पाइपापातूर गेली आन दोनदा बाहेर फेकली गेली. मंग खालीच बसली, कळशी मांडीत घिऊन.

मला बघवलं न्हाई, झालं. मी माझा भरलेला हंडा बाजूला ठिवला, तिच्या मांडीतली कळशी उचलली, बायांना खांद्यानं सारत पाइपाखाली धरली आन भरून तिच्यापुढं ठिवली. गोजरबाईनं माझ्याकडं बघितलं. मंग कळशीला हात घातला आन आडवी केली.

पानी गेलं मातीत.  त्या पान्यासाठी आमी एकमेकीची केसं धरतो, आन ते पानी तिनं मातीत सोडलं.

“हात लागला तुझा,” ती म्हनली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात पहिल्यांदा मी तिला अरेतुरे केलं. “मर मंग तहानेनं! माती खा ती वली झालेली!”

तवर टँकर रिकामा झाला हुता. ड्रायव्हरनं पाइप गुंडाळला. गोजरबाई उठाया लागली, तर उठता येईना. जमिनीला हात टेकला आन माझी नजर तिच्या हातावर गेली. तिच्या दंडात चांदीची वाकी असायची, मांसात रुतलेली. ती आता मनगटापाशी लोंबत हुती. मी तिथंच उभी राहिले. रोज चूल पेटवून खानाऱ्या बाईची वाकी अशी घसरत न्हाई.

माझ्या हंड्यातलं अर्धं पानी एका म्हातारीनं गोजरबाईच्या कळशीत ओतलं. हंडा माझा असला तरी तिच्या हातचं म्हनून चाललं. चालू दे, म्हनलं. पानी तर गेलं पोटात.

त्या दिवशी सांजच्याला धूर दिसला तशी मी हातातलं काम टाकून माळ चढले. गिदोन म्हनला, “नको जाऊ.” मी म्हनलं, “आता तोंड फुटलं व्हय तुमाला?” आन गेले.

दार उघडंच हुतं. उंबऱ्याबाहेरनं मी आत बघितलं. चूल पेटली हुती, जाळ चांगला लागला हुता. चुलीवर तवा हुता, आन तव्यावर काय नव्हतं. बाजूला परात पालथी, पिठाचा डबा आडवा पडलेला, आतनं पुसून घेतलेला. गोजरबाई चुलीपुढं बसून जाळात चिपाडं सारत हुती. धुरासाठी. गावाला दिसावा म्हनून.

तिनं मान वळवली. मला वाटलं शिव्या देईल. न्हाई दिल्या.

“बघितलंस?” म्हनली. “जा आता. गावभर सांग.”

“पिशव्या वाटल्या हुत्या. तुमची कुठं गेली?”

“संपली. किती दिस पुरती? रेशनच्या मशीनला अंगठा उठत न्हाई माझा.”

“कानिफला सांगायचं.”

“कानिफच्या दारात जाऊ? त्याच्या बायकूपुढं परात धरू?” तिला धाप लागली. “ह्या वस्तीवरनं गड्यांच्या भाकरीची पाटी जायची रानात. आन मी मागू?”

“मी डबा आनते उद्या.”

“आनू नको!” आता तिच्या आवाजात धार आली. “तुमाला कळत कसं न्हाई गं? पोरगं कोयत्याखाली हाय. तिकडं साप हाय, ट्रॅक्टर उलटतोय. एकदा त्याच्या नावानं कडू भाकर उंबऱ्याला लागली. पुन्हा लागली तर मी काय करू? मेले तरी बेहत्तर, बाहेर शिजलेला घास ह्या घरात यायचा न्हाई, तो तिकडून येईपातूर.”

आता खरं सांगते, तिथंवर मला वाटत हुतं ही बाई माझ्या जातीला भिती. ती तर भीत हुतीच, पन त्याच्या वर ही दुसरी भीती बसली हुती, आन ती आमीच तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठिवली हुती.  मी तशीच खाली आले आन कुनाला सांगितलं बी न्हाई. मॅडमला सुदिक न्हाई. ती फोटो काढाया गेली असती.

रातभर डोक्यात एकच. बाहेर शिजलेलं चालत न्हाई. मंग आतच शिजू दे.

सकाळी शेडचं काम उरकलं, आन पीठ, मीठ, दोन मिरच्या, लसून असं एका पातेल्यात घेतलं. पान्याची बाटली घेतली. गिदोनला म्हनलं, “तुमी येऊ नका. तुमाला बघून ती पुन्हा रडायला लागंल.”

गोजरबाई चुलीपाशीच पडली हुती. रातची तिथंच. मी उंबऱ्याबाहेर बसले आन पातेलं आत सारलं.

“शिजलेलं न्हाई. कोरडं पीठ हाय. तुमची चूल, तुमचा तवा, तुमीच थापा.”

तिनं पिठाकडं लई वेळ बघितलं. मंग हातावर रेटत रेटत आली, पातेलं वढलं, परात सरळ केली. पीठ घेतलं, पानी घेतलं, मळाया लागली. पन मळायला मनगटात जोर लागतो. पीठ नुसतं वलं झालं, गोळा हुईना. तरी तिनं एक गोळा केला आन थापायला घेतला. दोन थापा मारल्या तर भाकर मधीच फाटली. पुन्हा गोळा केला. पुन्हा फाटली.

“पानी कढत घ्यायचं असतं,” मी बाहेरनं म्हनलं.

“मला शिकवती? तुझी सासू जन्मभर माझ्या हातची भाकर खात हुती.”

“करा मंग.”

तिसऱ्यांदा थापायला हात उचलला आन ती एका अंगाला कलंडली. डोकं भिंतीवर आपटलं. मी उठले, एक पाय उंबऱ्यावर ठिवला.

“थांब!” म्हनली. भिंतीला टेकून बसली. कपाळावर पीठ, डोळे पांढरे. “आत यायचं न्हाई.”

मी थांबले. कशासाठी थांबले, मला बी सांगता येत न्हाई. आत शिरून दोन मिनिटांत भाकर टाकली असती. पन सासूच्या पदरात वरनं पडलेली भाकर मला आठवली, आन मनात म्हनलं, न्हाई. तोंडानं म्हनू दे. मी काय देवदूत न्हाई. बसले परत बाहेर, उन्हात, पाठीला चटके बसत हुते. ती आत, मी बाहेर, मधी उंबरा आन परातीतला फाटलेला गोळा. माशा बसाया लागल्या त्याच्यावर. दोघींपैकी कुनी हटंना.

“पोरगा येईल परत,” मी शेवटाला म्हनलं, “तेव्हा भाकर कोन देनार त्याला? तुमचा फोटू?”

 तिनं भिंतीकडं तोंड केलं.

“ये,” म्हनली.

“काय?”

“बहिरी झालीस का? ये म्हनलं. देव्हाऱ्याकडं बघायचं न्हाई. रांजनाला हात लावायचा न्हाई.”

“तुमचा देव मला बघून पळून जायाचा न्हाई,” म्हनलं, आन आत गेले. माझ्या सासूचा पाय जिथं कधी पडला न्हाई, तिथं गेले आन चुलीपुढं बैठक मारली.

चूल पेटवली, वर पानी ठिवलं, त्यात पीठ मळलं. गोळा केला, थापला, तव्यावर टाकला. भाकर फुगली तशी म्हातारीनं मान वळवली. वासानं तिच्या नाकपुड्या हालत हुत्या, पन तोंड चालूच.

“जाड झाली.”

“गिळा.”

“कडा कच्च्या राहिल्या. असल्या भाकरी घालती व्हय गावाला?”

“गाव मुकाट खातं.”

मिरची, लसून, मीठ तव्यावर परतलं, बोटानं चुरलं आन भाकरीवर ठिवलं. आन मंग मी भाकर तिच्यापुढं धरली. वरनं टाकली न्हाई. मला टाकता आली असती. तिला बी ते आठवलं असंल, कारन ती माझ्या हाताकडं बघत बसली. मंग तिनं भाकर घेतली. माझ्या बोटाला तिची बोटं लागली, गार हुती. पहिला घास तिला गिळंना. मी बाटली पुढं केली, ती तोंड लावून पानी प्याली. दुसरा घास गेला. मंग ती अशी खाया लागली की मला तिकडं बघवंना. दात नव्हते, हिरड्यांनी वढत हुती. बघायचं म्हनून आले हुते मी. बघायला काय गोड वाटलं न्हाई.

“हळू खावा,” म्हनलं. “पोटात कळ येईल.”

“थाप तू. बोलू नको.”

पन धूर. सकाळच्या पारी माळावर धूर कुनी बघितला नव्हता कधी, तो बघितला कुनीतरी. आन शेजारच्या वस्तीवरच्या बाईनं मला आत जाताना बघितलं. अंगनात चपला वाजल्या. कानिफ, त्याच्याबरोबर भावकीतले दोघं-तिघं, मागं बाया. कानिफ उंबऱ्यात आला आन तिथंच थिजला. मी चुलीपुढं, तव्यावर भाकर, परातीत माझे हात, आन त्याची काकू भिंतीला टेकून भाकर खातीय.

“काकू! हे काय चाललंय? ही आत कशी?”

गोजरबाईचा घास तोंडातच राहिला. तिनं कानिफकडं बघितलं. त्याच्या मागं उभ्या भावकीकडं बघितलं, बायांकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

“मी न्हाई बोलावली,” म्हनली. “बळंच घुसली.”

माझ्या हातातला गोळा परातीत पडला.  आत्ता, आत्ता ‘ये’ म्हनलेली बाई! तोंडात आलं हुतं, ओरडून सांगावं, बाभळीवरच्या कावळ्यांना सुदिक ऐकू जाईल असं सांगावं, की ह्या बाईच्या डब्यात चिमूटभर पीठ न्हाई, ही रोज रिकामा तवा तापवती आन तुमी सगळे तिचा धूर बघून पोटभर जेवता. एका वाक्यात तिची सगळी पाटिलकी मातीत गेली असती. मी तिच्याकडं बघितलं, बोलायच्या आधी. तर ती चावत हुती. खोटं बोलून झालं आन घास चावाया लागली. एका हातात अर्धी भाकर, आन दुसरी भाकर तिनं पदराखाली दाबून धरली हुती, कानिफनं हिसकू न्हाई म्हनून. डोळे माझ्यावर. ते डोळे माफी मागत नव्हते, काय मागत बी नव्हते. नुसते बघत हुते, मी आता काय करती ते.

“काकू, टाक ती भाकर,” कानिफ म्हनला. “ए दया, ऊठ! घरात घुसून मानसं बाटवायची ठरवलीय का तुमी? आज त्या शेडला कुलूप लावतो. पोलिसात देतो तुला.”

मागनं कुनीतरी म्हनलं, चूल मोडाया पायजे, गोमूत्र शिंपडाया पायजे. एक बाई म्हनली, म्हातारीचं डोकं फिरलंय. गोजरबाईनं भाकर टाकली न्हाई. अजून एक घास तोडला.

मी उठले. गुडघे आखडले हुते, भिंतीला हात लावून उठले; लागला हात तर लागला. पदरानं हाताचं पीठ पुसलं आन कानिफच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, एवढ्या जवळ की त्याला मागं सरावं लागलं.

“व्हय,” म्हनलं. “बळंच घुसले. आन उद्या बी घुसनार. तुला काय करायचं ते कर.”

 मी उंबरा वलांडला, बाया बाजूला झाल्या. मागं म्हातारी हातावर सरकत चुलीपाशी गेली आन तव्यावरची भाकर उलटली.